प्रणिताच्या घरी जायचं आहे

७ एप्रिल, सोमवार
रोह्याचं समुपदेशन प्रशिक्षण संपलं. शिक्षकाचं खरं काम शाळा सुटल्यावर सुरू होतं, असं मी चर्चेत म्हणालो. साहेबांनी मान डोलावली. संकल्प: उद्यापासून रोज एका मुलाच्या घरी भेट. गाव छोटं आहे, सहज होईल.

८ एप्रिल
भेट नाही. मतदार नोंदणीच्या कामाला पेणला तहसीलमध्ये. परतेपर्यंत ऊन फार. अशा उन्हात कोणाच्या दारी जाणं त्यांनाच गैरसोयीचं.

१० एप्रिल, सकाळ
आठवीतली प्रणिता आठवडाभर गैरहजर. आज तिची आई हौसा आली. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, हातांना रंग तसाच. प्रणिताचं लग्न ठरवलंय म्हणाली. मुलगी चौदा वर्षांची. बाप पोपट मिठागरावर असतो, तो बायकोचं ऐकत नाही.
"सर, तुमी घरी येवा. तिचा बापूस तुमचा शबूद नाय मोडायचा."
ऑनलाइन मीटिंग चालू होती, तरी मी कॅमेरा बंद करून तिचं ऐकून घेतलं. ऐकणं हीच निम्मी मदत. रविवारी येतो म्हणालो. जाताना बाई बरीच हलकी वाटली.

११ एप्रिल
शाळेतल्या वैशाली मॅडम म्हणतात, ग्रामसेवकांना कळवा, १०९८ या बालमदत क्रमांकाला फोन करा. तरुण आहेत, घाई असते. पोलीस आले की पालकांचा शाळेवरचा विश्वास गेलाच. हे संवादाने सुटेल, माझ्यावर सोडा, असं सांगितलं. त्यांनी सोडलं.

१३ एप्रिल, रविवार
पोपटशी बोलायचे मुद्दे काढले: कायदा, आरोग्य, शिक्षण. आरशासमोर म्हणून पाहिले. आरोग्याचा मुद्दा कमजोर पडतो. रोहिणीने विचारलं, आज जाणार होतात ना? कच्च्या तयारीने जाणं म्हणजे त्या मुलीवरच अन्याय, हे बायकोला कळत नाही. शिवाय मेव्हणा ताजा जिताडा मासा घेऊन आलेला.

१६ एप्रिल
पोषण आहाराचे फोटो अपलोड होईनात. रेंजसाठी शाळेच्या गच्चीवर चढलो. तिथून प्रणिताचं घर दिसतं. ती दारात बसली होती. मी हात केला. ती उठून उभी राहिली. संपर्क तुटलेला नाही, हे महत्त्वाचं. तेवढ्यात फोटो गेले, खाली उतरलो.

१९ एप्रिल
निघालोच होतो. केंद्रप्रमुखांचा फोन: मंगळवारी रोह्यात 'बालविवाह आणि शिक्षकाची भूमिका' यावर तुम्हीच बोला. भाषणाची तयारी म्हणजे एका अर्थी प्रणिताचंच काम.

२२ एप्रिल, मंगळवार
भाषण उत्तम. नाव न घेता प्रणिताचं उदाहरण दिलं. दोन बाया रडल्या. एकीने विचारलं, मग त्या मुलीचं काय झालं? केस हाताळतोय, म्हणालो. टाळ्या. लग्न अक्षय तृतीयेला धरतील, म्हणजे अजून आठवडा आहे. शुक्रवारी नक्की.

२५ एप्रिल, शुक्रवार
गेलो.
दारात मांडवाचे बांबू सोडून ठेवलेले. पोपट मिठागरावर. हौसा एकटीच. लग्न बुधवारी उरकलं, मुलाच्या गावी. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते.
तिने पाणी दिलं. मी कायद्याचा मुद्दा सुरू केला. ती ऐकत होती, म्हणून पुढे बोलत राहिलो. मग ती म्हणाली, "हळद लावताना पन पोर सांगत व्हती, सर आलं तर मना हाक मार."
तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
मंगळवारी हळद होती. मंगळवारी मी तर रोह्याला…
घरी आल्यावर रोहिणीने विचारलं, ऐकलं का पोपटने?
ऐकलं, म्हणालो.