नाव म्हणे बसत नाही

२ ऑगस्ट ९४, परभणी
शेळके मालकांनी लिहिलेला प्रोग्राम आज उघडून पाहिला. नोकरीच्या उमेदवारांची माहिती मोडेमवरून पुण्याच्या कंपनीला पाठवायची, एवढंच आपल्या कॉम्प्युटर सेंटरचं काम. त्यासाठी अवतरणचिन्ह, नाव, अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, परत अवतरणचिन्ह... हातानं तुकडे चिकटवत नेलेत. आणि हा माणूस क्लास घेतो!

४ ऑगस्ट
पुण्याच्या मशीननं सकाळचे अर्ज परत फेकले. मानवतच्या एका पत्त्यात स्वल्पविराम होता, आणि पत्त्याभोवती मालकांनी अवतरणचिन्हंच घातली नव्हती. मशीनला वाटलं नवा रकाना. पुढचं सगळं एकेक घर सरकलं, वडिलांच्या नावाच्या जागी पिनकोड. शे.चा तोडगा : "लोकांना सांग, पत्त्यात स्वल्पविराम टाकू नका." म्हणजे ह्यांच्या प्रोग्रामापायी लोकांनी पत्ते बदलायचे.

५ ऑगस्ट
नव्यानं लिहिलं. रकाना आणि त्यातली माहिती आधी जोडीनं मांडायची. चिन्हं शेवटी, एकाच ठिकाणी प्रोग्रामनंच घालायची. माहितीत काहीही येवो, मोडत नाही.
शे. : "चालतंय ना? मग कशाला हात लावायलास?"
चालतंय म्हणे. लंगडत. जुनाच चालू ठेवायला लावला.

८ ऑगस्ट
ताडकळसची वंदना खंदारे. यंदाच बी.एस्सी. झालेली. अर्जाची छापील प्रत दिली तर सही करीना.
"सर, विद्यापीठाचं नाव चुकलंय. माझ्या मार्कमेमोवर नवं हाय."
खरंच. गुणपत्रकावर नवंच होतं. जानेवारीत नामांतर झालं, शे.नी मात्र जुनंच प्रोग्रामात जागोजागी चिकटवून ठेवलंय. उमेदवाराला विचारायचं सुद्धा नाही.
शे. आतून ओरडले, "तेच ते. नवं लय लांब हाय, बसत न्हाई. कर सही."
ती माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्या नावापायी माझ्या चुलत्याचं घर जाळलं, सर. जुन्या नावावर नोकरी नको मला."
शे.नी पंखा वाढवला.

९ ऑगस्ट
शे. बाहेरगावी. वंदनाला बोलावून घेतलं. तिच्या मार्कमेमोवरचं नाव जसंच्या तसं टाइप केलं, माझ्या प्रोग्राममधून पाठवलं. पुण्यानं पहिल्या झटक्यात घेतलं. बसत नव्हतं ते फक्त शे.च्या डोक्यात.
तिनं प्रत अक्षर अन् अक्षर वाचली. सही केली. "येते सर." बस.

११ ऑगस्ट
शे. परतले. तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू.
"जुना प्रोग्राम टाक, न्हाईतर चालता हो. मानवतला तुझ्या बापाला कळू दे, कुणासाठी करायलास ते."
"मीच सांगतो त्यांना," म्हणालो. बोलून गेलो खरा. आप्पा काय म्हणतील... जेवणाच्या ताटावरून उठतील बहुतेक.
पुण्याहून वंदनाच्या मुलाखतीचं अजून काही नाही. शे. फोनवर दुसरा प्रोग्रामर शोधायलेत, मला ऐकू जाईल असं. बाहेर बाकावर तिघं बसलेली, हातात यंदाचे मार्कमेमो.
माझाच प्रोग्राम सुरू केला, पहिल्याला आत बोलावलं.