वरनं म्हण

४ जानेवारी १९५४
ह्यांना स्पॅनिश शिकायचंय! बत्तिसाव्या वर्षी! फोर्टातल्या ऑफिसातनं आले ते टेंभी नाक्यावरनं शंभरपानी वही घेऊनच. कंपनी आर्जेंटिनात कचेरी काढतेय — एकच कारकून पाठवणार, तीन वर्षांसाठी. आठ फेब्रुवारीला साहेब परीक्षा घेणार. दीडशे शब्द, स्पॅनिश आणि त्याचं इंग्रजी.
बायको न्यायची नाही. हे वाक्य चपला काढता काढता, भिंतीकडे बघून.
सासूबाई म्हणाल्या, "तिकडे सगळ्यांना येते ना ही भाषा? मग त्यांच्यातलाच एक ठेवावा. तुझं काय काम?" वकील व्हायच्या बाई!

५ जानेवारी
मी मॅट्रिक, म्हणून शब्द विचारायचं काम माझ्याकडे. सासूबाईंनीच नेमलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण दिवेलागणीला सगळ्यांदेखत नवऱ्याशेजारी बसले ती आज पहिल्यांदा! एरवी "पाणी तापलंय" आणि "ताट वाढू?" एवढाच आमचा संवाद. बसले खरी, पण पदर सावरण्यातच निम्मे शब्द गेले.

९ जानेवारी
घोकणं चक्क परवच्याच्या चालीत! कासा — हाउस, पुएर्ता — डोअर, वेंताना — विंडो, मेसा — टेबल... पावकी-निमकी म्हणावी तसं, मांडीवर ताल देत. मला हसू आवरेना.
"हसतेस काय? पाढे असेच पाठ झाले माझे."
सुमेधा वन्संनी तर कहरच केला. जेवताना म्हणतात, "वहिनी, आरोस वाढ." सासूबाईंनी डोळे वटारले — "भाताला भात म्हणावं. नाहीतर पचत नाही."

१४ जानेवारी
ह्यांच्या हातावर तीळगूळ ठेवला. "ग्रासियास" म्हणाले. थँक यू! सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही परक्या भाषेत.

१९ जानेवारी
आज मधनंच विचारलं — "स्पून?"
डोळे मिटले आणि सुरू! कासा, पुएर्ता, वेंताना... बोटांची पेरं मोजत मोजत शेहेचाळिसाव्या शब्दावर — "कुचारा!"
"रेन?" पुन्हा कासापासनं! म्हटलं, "अहो, तेवढ्यात साहेब चहा पिऊन घरी जाईल." खूप चिडवलं. ते नुसते हसत होते.
मग मेथी निवडताना लक्षात आलं. साहेबानं मधनं विचारलं तर हे नापास. आणि नापास झाले तर कुठे जात नाहीत. इथंच राहतात.

२० जानेवारी
वरनंच विचारलं. ओळीनं.

२३ जानेवारी
आजही ओळीनंच. चार दिवस झाले. आणि हे म्हणतात कसे — "तू फार छान शिकवतेस." मेल्याहून मेल्यासारखं झालं!

२४ जानेवारी
नाही जमलं मला. दुपारी दीडशे चिठ्ठ्या केल्या, सुपात कालवल्या, पुढे ठेवल्या. "उचला कुठलीही."
ह्यांनी सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं खूश होतील, तर खट्टू! प्रत्येक चिठ्ठीला कासापासनं सुरुवात. बाविसाव्या चिठ्ठीला आत भात करपला. वास घरभर. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. आश्चर्यच!

४ फेब्रुवारी
रोज चिठ्ठ्या, रोज कासा. मला मात्र दीडशेच्या दीडशे येतात, कुठूनही विचारा! चूल फुंकताना तोंडात तेच. परवा कळव्याहून मावशी आल्या, त्या जाताना म्हणाल्या, "मंदाला जरा डॉक्टरला दाखवा."
देवापुढे हात जोडले, तर काय मागायचं तेच सुचेना. पास होऊ देत म्हणवेना, नापास म्हणायला जीभ रेटेना. नुसता नमस्कार करून उठले.

८ फेब्रुवारी
पास! साहेबानं उलटं, सुलटं, मधनं, चाळीस शब्द विचारले. चाळीसच्या चाळीस फटाफट! सत्तावीस तारखेची बोट.
मोरीत पाय धुवायला आले तेव्हा तांब्या देताना विचारलं, "अहो, पण घरी तर कासापासनं लागायचं?"
खाली बघूनच म्हणाले, "पहिल्या पंधरवड्यातच येत होते गं सगळे. फटाफट सांगितले असते, तर दहा मिनिटांत उठून गेली असतीस."
तांब्या तसाच हातात राहिला. चार दिवस मी मुद्दाम ओळीनंच विचारलं, ते सांगायचं होतं त्यांना. नाही सांगितलं. आत येऊन रडले, मग हसूही आलं. मी मेली उगाच त्यांना मठ्ठ समजत होते! तीन वर्षं. कशी काढायची?

९ फेब्रुवारी
परीक्षा संपली, वही काढायला आता निमित्त नाही. दिवा लावला आणि मुकाट्यानं चुलीपाशी गेले. सासूबाईंनी हातातली पळी काढून घेतली. म्हणाल्या, "बोट सुटेपर्यंत चुलीचं मी बघते. जा, बस तिथे. आणि प्रभाकरला सांग, वरनं म्हण. घाई करू नकोस म्हणावं."