विसरायची तालीम

१२ फेब्रु. १९९४
शोभी, दादूची पोर, परतूरच्या कॉलेजातून आली ती थेट चुलीपाशी. "आत्या, मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ज्यानं त्यानं आपलं माणूस न्यायचंय. तू चल."
म्हटलं, मला काय येतंय?
"काही न येणारंच पाह्यजे."
मंग काय, तयार झाले.
दादूचं तोंड मात्र सुपाएवढं. "याड्याचं शास्तर! यात नापास झाली की कॉलेज बंद. टेंभुर्णीच्या पाव्हण्यांना होकार धाडतो." माझा धाकटा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखा.

१५ फेब्रु.
तालीम. शोभी शब्द वाचती, मी ते आठवून सांगायचे. आधी अर्थाचे (विहीर, कुदळ, मिरची), मंग बिनअर्थाचे (मिक, झुत, फेठ... असले डझनभर). पुस्तक म्हणतं, बिनअर्थाचे माणूस विसरतं. मी सगळे बराबर सांगितले. शाबासकी मिळंल वाटलं, तर पोरगी रडकुंडीला.
"आत्या, थोडं विसर ना गं!"
बरं, विहीर विसरले म्हटलं. आणखीच चिडली.
जात्यावर बसून जन्म गेला. काहीबी कानावर पडलं की ओवीच्या चालीत जाऊन बसतं, मंग उठत न्हाई.

१९ फेब्रु.
विसरायचं बघून राह्यले. जमंना. भाकर थापताना मिक, ज्वारी निवडताना झुत. दादू म्हणतो, "अक्का, शिकून कोण राह्यलं आन् याड कोणाला लागलं?"
शोभीनं नवे शब्द आणले. तेबी बसले.
सासूची बोलणी इतक्या वर्षांत विसरता आली न्हाईत, हे चार दिवसांत कसं व्हावं!

२४ फेब्रु.
झाली परीक्षा. बाहेरगावचे सर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शब्द सगळे नवे. मनाशी ठरवून गेल्ते, बिनअर्थाचा एकबी सांगायचा न्हाई. न्हाईच सांगितला.
सर म्हणाले, "आजी, एकही आठवत नाही?"
"न्हाई सर. दोप न्हाई, खिव न्हाई, लुठ तर बिलकुल न्हाई."
सरांनी पेन खाली ठेवला. शोभी उठून उभी. "सर, तिला सगळं आठवतंय. मी पास व्हावं म्हणून विसरल्याचं सोंग करून राह्यलीय. मी वहीत तसंच, खरं ते लिहिते."
सर हसले न्हाईत. बराच वेळ लिहीत बसले. मान लांब केली, पण काय लिहिलं ते दिसलं न्हाई.

२६ फेब्रु.
शोभीनं बापाला सगळं आपणहून सांगितलं. आज दादू गोठ्यात मला बाजूला घेऊन हळूच, "अक्का, हिला माणसाच्या मनातलं खरंच कळतं का?"
"का रे?"
"न्हाई, सहज. टेंभुर्णीला होकाराचा निरोप धाडायला माझा पाय उचलंना. ते हिला कळलं असंल का?"
शोभीला विचारलं. म्हणाली, "कवाच कळलं. पण निकाल लागूस्तोवर बाबांना सांगू नको. आपल्याला धाकधूक, तर त्यांनाबी राहू दे थोडी."

दोघांच्या मधी मी. आता हे तरी विसरता यावं.