कुठून आणलीस ही कावीळ?

४ मार्च
सांधे! गुडघे, मनगटं, बोटांची पेरं — सगळे एकदम संपावर. आज माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या बाईंनी चौकात ब्रेकऐवजी क्लच दाबला. माझ्या पायाखालचा ब्रेक मी दाबला आणि कळवळून किंचाळले. त्यांना वाटलं, त्यांच्यावरच ओरडले. रडल्या बिचाऱ्या. मग गाडी मीच परत आणली.
अंगावर पुरळही आलंय. एकोणचाळिसाव्या वर्षी लग्न केलं की चार महिन्यांत असं होतं का?

९ मार्च
ताप, मळमळ. चहाचा वास सहन होत नाही. मला! चहाचा! नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला सगळंच कळतं. "ॲसिडिटी," म्हणाला.

१२ मार्च
लघवी काळ्या चहासारखी. "पाणी पी," इति लिफ्टवाले डॉक्टर.

१३ मार्च
शिकायला येणारे आजोबा गाडी बंद करून म्हणाले, "बाई, आरशात बघा, आरशात बघा म्हणता ना? आज तुम्हीच बघा."
बघितलं. डोळे पिवळेधमक.

१५ मार्च
हिपॅटायटीस बी. ताजा. यकृताचा जो आकडा चाळिसाच्या आत हवा, तो माझा दोन हजार शंभर. शाळेत कधी मिळाले नाहीत एवढे मार्क!
"औषध?" मी विचारलं.
"विश्रांती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठ्या माणसांत शंभरातले पंचाण्णव जण आपोआप बरे होतात. एखाद्याचं यकृत मात्र पार बसतं. झोप अनावर झाली, असंबद्ध बोललात, हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक या."
नवरा म्हणाला, "असंबद्ध तर ती आधीपासूनच बोलते." मी एकटीच हसले.
रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातून पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या म्हणाल्या. नवरा — "मला काय धाड भरलीय?"

१६ मार्च
सासूबाईंनी माझं ताट, पेला, चमचा वेगळा काढला. ताटातून पसरत नाही, हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, "पण कुठून आणलीस?" जसं काही भाजीबरोबर फुकट मिळाली!

२४ मार्च
खाज! कंगवा, फुटपट्टी, दाराची चौकट — काही सोडलं नाही.
सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, "एवढी वर्षं बिनलग्नाची राहिली. काय काय केलं असेल, कुणास ठाऊक."
आतून ओरडले, "फारसं काही नाही, त्याचंच तर दुःख आहे!"
फोन बंद.

३१ मार्च
दोन दिवस लिहिता आलं नाही. परवा भर दुपारी झोप आवरेना, दात घासताना रक्त आलं. थेट दवाखान्यात भरती. रक्त गोठायला फार वेळ लागतोय. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून पहिल्यांदाच 'बघू' असा शब्द ऐकला. मला तो अजिबात आवडला नाही.
मी शुद्धीत आहे का, ते बघायला नवरा सारखा रस्त्यावरच्या पाट्या विचारत होता. "उलटा त्रिकोण?" "रस्ता द्या." "लाल गोल, आत आडवी पट्टी?" "प्रवेश बंद." सगळं बरोबर. मग हळूच म्हणाला, "लग्नाआधी कोणी होतं का? सांग, मी रागावणार नाही."
"दोन होते," मी म्हटलं. "दुसऱ्यालाही आठ वर्षं झाली. हा आजार फार तर सहा महिन्यांत डोकं वर काढतो. डॉक्टरांना विचार."
विचारलं नाही त्याने.
मी मरेन या भीतीपेक्षा ते जास्त लागलं.

४ एप्रिल
आकडे उतरताहेत. रक्त गोठतंय. आणि भूक! दवाखान्यातलं बेचव जेवण चाटूनपुसून खाल्लं.

२६ मे
डोळे पांढरे. पुन्हा गाडीत. आजोबा परीक्षेत पास झाले, माझी शेवटची तपासणी बाकी आहे. नवऱ्याची पहिलीच बाकी आहे. "मी घोड्यासारखा आहे," म्हणतो. घोडा तरी रक्त काढू देतो!

१८ सप्टेंबर
सहा महिने झाले. विषाणू गेला! प्रतिकारशक्तीही आली, पुन्हा व्हायचा नाही. नवऱ्याला म्हटलं, "आज तपासणी करून घेतलीस तर घरी येते, नाहीतर नाही." शेवटी मायलेक दोघंही आले, तोंडं पाडून.

२१ सप्टेंबर
नवऱ्याच्या रक्तात आहे. जुना! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुधा जन्मापासून. मोठेपणी झाला तर बहुतेकांचा निघून जातो. तान्ह्या बाळाला झाला की मुक्कामच ठोकतो. माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो. यकृत अजून चांगलं आहे, पण दर सहा महिन्यांनी तपासायचं, जन्मभर.
"म्हणजे तुला माझ्याकडूनच —"
"हो. लग्नाचा आहेर."
रडला. पाठीवरून हात फिरवला मी. "त्या दिवशी मी जे विचारलं..." म्हणाला.
"विचारलंस खरं," मी म्हटलं. हात मात्र काढला नाही.

२२ सप्टेंबर
सासूबाईंचाही रिपोर्ट आला. तेच. त्यांनी एकच विचारलं, "दारूचा थेंब न घेता यकृत सुकतं का यानं?"
डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या.
माझे थोरले दीर यकृत सुकून गेले, बेचाळिसाव्या वर्षी. मी त्यांना कधी पाहिलंही नाही. चोरून पितोस म्हणून सासूबाईंनीच त्यांना घराबाहेर काढलं होतं.