वाकेतली पाचवी जागा

टिटिकावेका, रारोटोंगा
१२ मे

प्रिय तेकुरा,

अनेक आशीर्वाद. इथे सगळे बरे आहोत. पपांचा गुडघा सुधारला, म्हणजे ते पुन्हा मासे धरायला जाऊ लागले आणि पुन्हा माझं ऐकेनासे झाले. शेजारची डुकरीण दोनदा आपल्या अळकुड्यांच्या वाफ्यात शिरली. शेजारी म्हणतात, ती वाट चुकते. दोन्ही वेळा बरोबर त्याच वाफ्यात चुकली.

परवा तुझा फोन आला तेव्हा मागे चार-पाच मुलींचा गलका होता. तू म्हणालीस, "आई, नंतर बोलू, वाका पाण्यात ढकलायचीय," आणि फोन ठेवून दिलास. मी वहीत तारीख लिहून ठेवली. फेब्रुवारीत तू डुनेडिनला शिकायला गेल्यापासून फोन आधी तू ठेवलास असं पहिल्यांदाच झालं.

तुला सहाजणींनी वल्हवायच्या त्या लांब होडीत, वाकेत, पाचव्या जागेवर बसवलंय असं पपांना सांगितलं. "पाचवी? ती तर जोराची जागा. हिला नारळाची टोपली उचलवत नव्हती," म्हणाले, आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावाला सांगून आले.

खोबरेल पाठवते आहे, तिथल्या थंड पाण्याने हात फुटत असतील. अभ्यास सांभाळ, पण अभ्यासासाठी वल्हं सोडू नकोस. आईने असं सांगावं का, यावर मी बराच विचार केला आणि तरी सांगते आहे. मी ऑकलंडला शिकत होते तेव्हा माझी मैत्रीण लुपे आणि मी नेटबॉल खेळून भिजून यायचो, तिच्या खोलीत हीटरवर मोजे वाळत घालायचो, ते तुला पाठच आहे.

त्या वाइने नावाच्या मुलीने तुला वाकेत येतेस का म्हणून आपणहून विचारलं हे किती छान झालं. चांगल्या घरची दिसते.

तुझी,
आई


टिटिकावेका
९ जून

प्रिय तेकुरा,

तू फोन उचलत नाहीस. उचलला असतास तर मी रडले असते, तू गप्प झाली असतीस आणि दोघींनी काहीतरी भलतंच बोलून वेळ निभावली असती. म्हणून पत्र.

तुझा निरोप बारा दिवस वाचते आहे. "वाइनेच्या घरी जेवायला गेले होते. तिच्या आईच्या सोफ्यावर तू शिवलेली उशीची खोळ आहे. तू पोको मावशींना काय सांगितलंस?"

सांगते.

एप्रिलमध्ये मी तिकडे डुनेडिनला पोको मावशींना, म्हणजे वाइनेच्या आईला, फोन केला. आम्ही वीस वर्षांत बोललो नव्हतो. मी म्हटलं, "मावशी, माझी पोरगी तिकडे एकटी आहे."

"एकटी कशी? आपली एवढी माणसं आहेत इथे. चर्चला का येत नाही?"

"लाजते."

"आमच्या वाइनेच्या वाकेत एक जागा रिकामी आहे. पण पोरगी आळशी नाही ना?"

"नाही, मावशी."

"तुझ्यासारखी घुमी?"

त्यावर मी विषय बदलला. वाइनेने तू सहज भेटल्यासारखं करून तुला विचारावं, आणि माझं नाव निघू नये, असं मी सांगितलं. मग वाटलं, एवढं मागायचं आणि रिकाम्या हाताने? आपल्यात असं कुणी करतं का? म्हणून कापडाची फुलं कापून टाचलेली, तिवाएवाएची ती खोळ पाठवली, जांभळ्यावर पिवळी फुलं. देठांना मी हिरवा आणि काळा दोरा एकत्र पिळून घालते. तू सहा वर्षांची असल्यापासून माझ्यासाठी सुईत तो दोरा ओवायचीस. गुपित ठेवायला सांगणारी बाई स्वतःच्या हातची शिवण टपालाने पाठवते. पपांना सांगितलं तर ते हसले. मला हसू आलं नाही.

काल पोको मावशींचा फोन आला: "पोरगी दोन मंगळवार सरावाला आली नाही." मी विचारलं नव्हतं, त्यांनीच केला होता. तू विचारशील म्हणून नमूद करते.

इथवर लिहून तीन दिवस पत्र उशाशी ठेवलं होतं, कारण अजून खरं काही लिहिलेलं नाही.

तू एकटी आहेस हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. "मस्त चाललंय," म्हणायचीस. पण तुझ्या मागे कधी कुणाचा आवाज नसायचा, फक्त मायक्रोवेव्हचा. तो आवाज मी ओळखते. तेकुरा, मी ऑकलंडला तीन वर्षं तोच ऐकला. लुपे होती, माझ्याच मजल्यावर राहायची. एकदा तिने नेटबॉलला बोलावलं. मी म्हटलं, "परीक्षा आहे." परीक्षा नव्हती. आम्ही कधी एकत्र भिजलो नाही, मोजे वाळवले नाहीत. मोजे तिचे होते, दाराबाहेर वाळत असायचे. मी येता-जाता बघायचे.

परत आले तेव्हा सगळे विचारायचे, कशी होती मजा? तेव्हा पहिली गोष्ट रचली. पुढे तू झालीस आणि तुला त्या गोष्टी आवडायला लागल्या. तुझ्यासाठी रचल्या असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मलाही त्या ऐकायच्या असायच्या.

तुझ्या वाट्याला तसली तीन वर्षं येऊ नयेत एवढंच डोक्यात होतं. तुला विचारायचं सुचलं नाही. माझ्यावर राग धर, हवा तेवढा. वाकेवर धरू नकोस.

आई


टिटिकावेका
३० जून

प्रिय तेकुरा,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान राग आणि पुढे तीन पानं बाकीचं. राग पुन्हा वाचला. बरोबर आहे. एप्रिलभर तुला वाटत होतं की आईला आठवड्यात मैत्रिणी मिळाल्या, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे. त्या खोलीत मी तुझ्याबरोबर एक खोटी आई ठेवून दिली होती.

मग तू वाइनेच्या दारात जाऊन, तुझ्या आईने सांगितलं म्हणून मला आणलंस का, असं विचारलंस, तो भाग मी पपांना मोठ्याने वाचून दाखवला.

"आईने सांगितलं म्हणूनच आणलं तुला," वाइने म्हणाली. "पण ते पहिल्या दिवशी. मी तुझ्या मागे सुकाणूवर, आणि तू अर्धं बंदर माझ्या तोंडावर उडवलंस. आईचं ऐकून अशा पोरीला दुसऱ्यांदा कोण बोलावतं?"

"मग का बोलावलंस?"

"तुला उलटी झाली तरी तू वल्हं सोडलं नाहीस म्हणून. आणि तुझे विनोद मला घरी गेल्यावर कळतात म्हणून. आता येतेस का? पाचव्या जागेवर केटला बसवलंय, ती वल्ह्याचे फटके मोजतच नाही."

पपा म्हणाले, "ही पोरगी आपल्या गावची शोभते." मग उठून बाहेर गेले, डुकरीण बघायला. डुकरीण आलेली नव्हती.

तू मंगळवारी गेलीस. गुरुवारीही. आणि पुढच्या शनिवारी शर्यत आहे, फोन करणार नाहीस, असं लिहिलंस. करू नकोस. पपा लवकर जेवून तुझ्या फोनची वाट बघत बसतील, त्यांना मी सांभाळते.

डिसेंबरात वाइनेला घेऊन येणार म्हणालीस. तुझी अट वाचली: "तिच्याकडे माझ्याबद्दल काही मागायचं नाही, आणि तिच्या आईसाठी काही शिवून द्यायचं नाही." पहिली कबूल. दुसरीसाठी मला चार दिवस लागले, पण तीही कबूल. तिला मी एकच विचारेन, अळकुडी नारळाच्या दुधात आवडते की नुसती उकडलेली. तेही तुझ्यासमोर.

यापुढे तुझी काळजी वाटली तर आधी तुलाच सांगणारी,

तुझी आई