प्रयोगशाळेत अडकलेल्या माझ्या संसाराची विल्हेवाट

मी, शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानाची शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धाकट्या भावाने आणून पाहिले, पण त्याला ते लहानपणीही जमले नव्हते.

कलम पहिले : घर. शाळेच्या मागच्या गल्लीतले माझे राहते घर माझ्या बहिणीच्या मुलीला मिळावे. अट काही नाही. ती शाळेत माझ्याच खुर्चीवर बसून विज्ञान शिकवते. फक्त खुर्चीवर, पदावर नव्हे. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेकडे पैसे नाहीत म्हणून माझे पद रिकामेच ठेवले गेले. भाचीला तासांवर पैसे मिळतात, सुट्टीत तेही नाहीत. जवळचा औषध दुकानदार तिला गल्ल्यावर बसायला बोलावतो आहे. माणूस सज्जन आहे, पगार महिन्याच्या महिन्याला देतो, आणि नेमका म्हणूनच तो मला डोळ्यांसमोर नको झाला आहे. ती गेली तर वरच्या वर्गांना विज्ञान शिकवायला मी उरते. आणि मी काही कायमची उरणार नाही, म्हणून तर हा कागद.

कलम दुसरे : भाऊ. भावाला माझी आरामखुर्ची द्यावी. "ताई, त्या शाळेपायी तू घर धुऊन नेलंस," असे तो येता-जाता ऐकवतो. आता बसून ऐकवावे.

कलम तिसरे : घरातील वस्तू. इथे घोटाळा आहे, कारण त्या घरात नाहीत. कुकर शाळेत आहे, त्यात काचेच्या नळ्या उकळून निर्जंतुक करतात. जेवणाचे टेबल प्रयोगाचे टेबल झाले. बैठकीचे जाड पडदे प्रकाशाच्या प्रयोगासाठी खिडक्यांवर गेले, तेव्हापासून समोरच्या काकूंना माझे सगळे घर फुकटात दिसते. बहिणीने दिलेला तराजू, जुनी शेगडी, काचेच्या बरण्या, सगळे तिकडे. एकटाच काय तो सूक्ष्मदर्शक शाळेचा, आणि तोही पुसट दाखवतो.

हे एकटीचे पाप नाही. आमच्या शाळेत रीतच आहे. तपासणीचे साहेब यायचे म्हटले की आदल्या दिवशी प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचे. चित्रकलेचे सर घड्याळ आणत, गणिताच्या बाई कुंड्या, मुख्याध्यापक नातवाचा पृथ्वीचा गोल. त्याच्यासाठी नातू दाराशी भोकाड पसरून बसे. साहेब गेले की ज्याचे त्याने घरी न्यायचे. माझ्याच वस्तू तेवढ्या राहिल्या, कारण त्या नेल्या तर दुसऱ्या दिवशी शिकवायचे कशाने?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. साहेबांनीही मूठ पाहिली आणि शेरा मारला : प्रयोगशाळा सुसज्ज, वाढीव अनुदानाची गरज दिसत नाही. पुढच्या वर्षी दुसरा शेरा : निवृत्त शिक्षिका स्वेच्छेने मदत करीत असल्याने पद तूर्त भरू नये. म्हणजे माझ्या कुकरने शाळेचे अनुदान खाल्ले आणि मी स्वतः भाचीची नोकरी. इतके नीटनेटके गाढवपण शिकलेल्या माणसांनाच जमते.

आणि मुले? रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आम्ही नखाएवढ्या कापतो. मागच्या बाकापर्यंत त्या पोचतच नाहीत. तरी सगळ्यांच्या वहीत "रंग निळा झाला" असते. एका मुलीला मी विचारले, "तू पाहिलास का गं?"

ती म्हणाली, "नाही बाई, पण तुम्ही सांगितलंत म्हणजे झालाच असणार."

मला तेव्हा फार वाईट वाटले. विज्ञान शिकवायला गेले आणि श्रद्धा शिकवून आले.

म्हणून आदेश असा : माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी माझी प्रत्येक वस्तू शाळेतून माझ्या घरी आणावी आणि साहेबांना ती खोली आहे तशी दाखवावी. शाळेला स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत मुलांचे प्रयोग माझ्या बैठकीत व्हावेत. भाचीची याला संमती आहे.

कलम चौथे : गणिताच्या बाई. यांनी मुलाला ताप आला म्हणून प्रयोगशाळेचा तापमापक नेला तो परत आणला नाही. मुलाला आता मुले आहेत. तापमापक त्यांनाच राहू द्यावा. मी त्यांना क्षमा करते, पण हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

वरील कलमे मागच्या महिन्यात लिहिली. सही व्हायच्या आत मुख्याध्यापकांना सुगावा लागला आणि ते धावत आले. हे माझेच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचे.

"बाई, असं करू नका. शाळेची अब्रू जाईल."

"अब्रू झाकायला माझे पडदे लागतात होय रे तुला?"

ते हळूच म्हणाले, "शाळाच बंद केली तर?"

या भीतीची चेष्टा मी करणार नाही. तीच मलाही इतकी वर्षे होती. पण शेजारी भाची उभी होती. ती म्हणाली, "सर, मावशी असेपर्यंत मी थांबेन. नंतरचं मला विचारू नका. मलाही घर चालवायचंय."

तेव्हा माझ्या लक्षात आले की या कामासाठी मरायची वाट पाहणे हा निव्वळ आळस आहे.

कलम पाचवे : कलम तीनमधील आदेश रद्द, कारण तो मी जिवंतपणीच पार पाडला. परवा टेम्पो बोलावून सगळे घरी आणले. शिपायाने कुकर स्वतः मांडीवर घेऊन आणला. काल तपासणी झाली. मी आणि भाची दाराशी उभ्या होतो. साहेब रिकाम्या खोलीत फिरले, भिंतीवरचे खिळे आणि एकटा उरलेला सूक्ष्मदर्शक पाहिला आणि विचारले, "प्रयोगशाळा कुठे आहे?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. वर्गात उत्तर येत नसले की ते असेच पाहत. मी मान वळवली.

"नाही साहेब," ते म्हणाले. "प्रयोगशाळा नाही. विज्ञानाचा शिक्षकही नाही. कधीचाच नाही."

या वेळी माझ्याकडे न पाहता वाक्य पुरे केले. तो विद्यार्थी माझा आहे, हे मी या कागदावर अभिमानाने नोंदवते. साहेबांनी बराच वेळ काही लिहिले. काय लिहिले ते अजून कळलेले नाही, आणि ते कळेपर्यंत मरण्याचा माझा विचार नाही. तरी हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कोणी घाई करू नये, विशेषतः भावाने.

हे सर्व मी वाचून, समजून, जेवणाच्या टेबलावर सही केली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आठवीची मुले प्रयोग करीत आहेत, म्हणून कागदावर निळा डाग पडला आहे. तो खाडाखोड समजू नये.

सही : विज्ञानाच्या बाई

साक्षीदार पहिला : शाळेचा शिपाई

साक्षीदार दुसरा : औषध दुकानदार (गल्ल्यावरची जागा साहेबांचा शेरा कळेपर्यंत भाचीसाठी रिकामी ठेवीन, पण तिला ती लागू नये अशीच प्रार्थना करतो आहे.)

ठिकाण : राहते घर, तूर्त प्रयोगशाळा

दिनांक : तपासणीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवार, सकाळची शाळा सुटण्यापूर्वी