निरोगी म्हणून दिलेलं रक्त

१२ मार्च

प्रिय ताई,

इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

पेशी रक्तात सूक्ष्म पुड्या सोडून एकमेकींना निरोप धाडतात; त्या पुड्या आम्ही प्रयोगशाळेत मोजतो. हृदयरुग्णांशी तुलना करायला निरोगी म्हणून मी माझंच रक्त दिलं. पुड्या त्यांच्याइतक्याच वाढलेल्या निघाल्या.

सहकारीण हसली. "अगं बाई, नळी हलवलीस ना? हे काय औषध आहे, आधी हलवून घ्यायला? रक्त हिंदकळलं की पुड्या वाढतातच!"

खरंच हलवली होती, की तसं मानणं सोयीचं आहे? बाबाही माझ्याच वयात, "मी ठणठणीत आहे" म्हणता म्हणताच हृदयविकारानं गेले. ताई, मला भीती वाटते. आईला सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी

ता. क. उद्या पुन्हा रक्त द्यायचं आहे, नळी न हलवता.